काकाजीचा आमेन

आमच्या मंडळीत कोणी कोणाच्या तोंडावर ‘नाही’ म्हणत नाही. चहा नको असला तर “अर्धाच द्या” म्हणतात. उपवासाच्या प्रार्थनेले यायचं नसलं तर “पाहू जी, प्रभूची इच्छा” म्हणतात, आणि प्रभूले मधात अडकवून स्वतः घरी झोपतात. मी मोहाडीत झेरॉक्सच्या दुकानात काम करतो आणि सहावीत होतो तवापासून मायसोबत चर्चले जातो. आमचं चर्च म्हणजे इमारत नाही. चाळीसेक माणसं, एक ढोलक, एक माइक, बसायच्या दोन दऱ्या, म्हणजे सतरंज्या, आणि काकाजीच्या घरासमोरची छपरी.

काकाजी म्हणजे मंडळीतले सगळ्यात जुने वडील. आधी नहरावर, म्हणजे कालव्यावर चौकीदार होते, पाण्याचं दार उघडत-लावत. दोन वर्षांआधी काकूबाई गेल्या, पोरं नोकरीसाठी बाहेर. तरी दर शनिवारी सकाळी काकाजी स्वतः बादलीत शेण कालवून छपरी आणि अंगण सारवत, दऱ्या झटकत, कपबशा धुऊन पालथ्या घालत. रविवारी माणसं आली की फाटकात उभे राहून एकेकाले “जय ख्रिस्त, जय ख्रिस्त” करत.

मागच्या वर्षी आमचे पास्टरजी नागपूरले तीन दिवसाच्या ट्रेनिंगले गेले आणि एक चार्ट घेऊन आले. मधात एक गोल, बाजूनं पाच गोल. म्हणे, मंडळी एकट्या माणसानं चालवायची नसते, टीमनं चालवायची असते. तवापर्यंत सगळं पास्टरजीच करत. प्रचार, म्हणजे रविवारचं प्रवचन, तेच, दवाखान्यात भेटायले तेच, माइकचा वायर तुटला तर दातानं सोलणारे तेच. आता पाच जणांची टीम झाली. पास्टरजी. काकाजी. अंगणवाडीच्या बाई, त्या सभेची वही लिवत. सेंट्रिंगभाऊ, म्हणजे घरं बांधायच्या सेंट्रिंगच्या पाट्या भाड्यानं देणारे आमचे एक भाऊ. आणि पाचवा मी.

मी कसा? “तरुणांचा प्रतिनिधी पायजे,” पास्टरजी म्हणाले. खरं कारण मले माहीत होतं. मी नकला करतो. हेडमास्तर, एसटीचा कंडक्टर, बाजारात कोथिंबिरीवर भांडणाऱ्या बाया, सगळे माह्या गळ्यात राहतात. नाताळच्या कार्यक्रमात मी पास्टरजीचा प्रचार पास्टरजीच्याच समोर करून दाखवला होता. लोक दरीवर लोळले. त्यायले वाटलं असन, याले बाहेर ठेवण्यापेक्षा आत घेतलेला बरा.

टीमची सभा दर शनिवारी चार वाजता, काकाजीच्या छपरीत. नियम एकच होता, की निर्णय एकमतानं घ्यायचा. आता तोंडावर ‘नाही’ न म्हणणाऱ्या लोकायचं एकमत कसं मोजता? पास्टरजीनं युक्ती काढली. सगळ्यायनं डोळे मिटायचे. पास्टरजी प्रार्थनेतच मुद्दा मांडत, “हे प्रभू, ही तुझी इच्छा असेल, तर आमच्या मुखातून तूच आमेन काढ.” मग बसल्या क्रमानं एकेकानं आमेन म्हणायचा. पाच आमेन आले तर ठराव पास. चारच आले, तर प्रभूची वेळ अजून आली नाही, पुढच्या शनिवारी पाहू. कोण चूप बसला, हे विचारायचं नाही. डोळे मिटलेले ना! पण पाच माणसायचे आवाज सगळ्यायले पाठ. तरी डोळे उघडल्यावर पाचही जण असे चेहरे करत, की जसा चूप बसलेला माणूस गोंदियाच्या गाडीनं निघून गेला.

छोटे मुद्दे पटापट पास होत. नवा ढोलक, आमेन. बायांची प्रार्थना बुधवारी, आमेन. अडकलो आम्ही हॉलवर.

सेंट्रिंगभाऊच्या घराबाजूले टिनाचं मोठं शेड होतं. पाट्या मागं हलवून त्या शेडचा उपासनेसाठी हॉल करायचा, असा भाऊचा विचार. टाइल्स तोच लावणार, पंखे तोच देणार. त्याचं खोटं नव्हतं. काकाजीच्या छपरीत पंधरा माणसं मावत, बाकीची अंगणात उन्हात. माही माय डोक्यावर पदर, पदरावर रुमाल घेऊन बसे.

पण दर शनिवारी तेच. पास्टरजी, “आमेन.” सेंट्रिंगभाऊ, “आमेन!” बाई, “आमेन.” मग काकाजीची पाळी. मग शांती. बाजूच्या वाड्यातली शेळी बेंबटे, नळाचं पाणी टपटपे, काकाजीचा आमेन येत नसे. मग शेवटी मी माहा बारीकसा आमेन म्हणून टाकत होतो.

“प्रभूची वेळ,” पास्टरजी उसासा टाकत.

“प्रभूच्या घड्याळाचा सेल गेला का पाहा जी,” सेंट्रिंगभाऊ एकदा पुटपुटला. बाईनं त्याच्याकडं असं पाहिलं, जसं अंगणवाडीत खिचडी सांडवणाऱ्याकडं पाहतात.

असे सात शनिवार. टीममधून निघता येत नव्हतं, कारण निघायले बी ठराव लागे. एकदा मी पास्टरजीले म्हणलो, “मले मोकळं करा ना जी.” ते म्हणाले, “पाच आमेन लागतीन. त्यातला एक तुहा.” मी विचार केला, हे तर जेलरनं कैद्यालेच किल्ली मागितल्यासारखं झालं.

आठव्या शनिवारी गावात टेनिस बॉलच्या टुर्नामेंटची फायनल होती आणि कॉमेंट्री मले द्यायची होती. वेगवेगळ्या आवाजात कॉमेंट्री हा माहा खास आयटम. पाच वाजता मॅच. साडेचार झाले, पास्टरजीची प्रार्थना अजून सृष्टीच्या निर्मितीवरच होती. दूर मैदानावरून कोणी “हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग” करून राहिला होता. माहा जीव तिकडं, माहं बूड इकडं.

शेवटी मुद्दा आला. पास्टरजी, आमेन. भाऊ, आमेन. बाई, आमेन. मग ती शांती. शेळी. नळ. “हॅलो, हॅलो.”

आणि माह्या तोंडातून काकाजी निघाला.

आधी दोनदा खाकरणं, मग खालून उचललेला “आऽऽ” आणि मग झटक्यात “मेन”, नहराचं दार वर नेऊन सोडल्यासारखा. इतकी साफ नक्कल मी आयुष्यात केली नसन. मले वाटलं, आता सगळे हासतीन, काकाजी “कोन बे तो” म्हणून पाठीत धपाटा घालतीन, सभा सुटन, मी पळन. बस एवढंच. माहा आमेन बाकी होता, तो मी घाईत म्हणून टाकला. डोळे उघडले.

कोणी हासलं नाही. बाईच्या डोळ्यात पाणी. सेंट्रिंगभाऊनं दोन्ही हात वर केले होते. पास्टरजी “धन्यवाद प्रभू, धन्यवाद प्रभू” म्हणून राहिले होते. आणि काकाजी माह्या बाजूले बसून स्वतःच्या गळ्याले हात लावून पाहत होते. त्यायले एका कानानं कमी ऐकू येते. मी त्याच कानाकडं बसलो होतो.

“निघाला बापा,” काकाजी हळूच बोलले. “मी म्हनतच होतो प्रभूले. माह्याच्यानं नाई होत, तुले पायजे तं तूच काढ म्हनलं. काढला त्यानं.”

आता सांगा. अशा वेळी “काकाजी, तो मी होतो” कसं म्हणता? एका सेकंदात म्हणता आलं असतं. दुसऱ्या सेकंदात बाईनं वहीत लिवलं, ‘एकमताने मंजूर.’ तिसऱ्या सेकंदात भाऊनं मले मिठी मारली. मी मैदानावर गेलो. कॉमेंट्री अशी केली, की पोट्टे म्हणाले, “काय बे, श्रद्धांजली देऊन राहिला का?”

दुसऱ्या दिवशी रविवारी काकाजी साक्ष द्यायले, म्हणजे प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते सांगायले, उभे राहिले. दोन वर्षात पहिल्यांदा. म्हणाले, “माहं मन नव्हतं. खोटं कायले बोलू. पन प्रभूनं माह्या गळ्यातून त्याचा शब्द काढला. माहा आवाज मले आयकू आला, पन मी बोललो नोतो.” अंगणातल्या बाया रडल्या. माही माय रडली. मी ढोलकवर मान खाली घालून बसलो होतो, आणि माह्या डोक्यात एकच विचार, की हा माणूस खरं बोलून राहिला. एकेक शब्द खरा.

त्यानंतर मी फसत गेलो. पास्टरजी म्हणाले, हॉलची जबाबदारी तरुणांच्या टीमची, आणि टीम लीडर तू. म्हणजे ज्या भोकात मी पडलो होतो, ते आणखी खोल खोदायले मलेच फावडं दिलं. चार पोट्टे माह्या हाताखाली. सेंट्रिंगच्या पाट्या उचला, जाळे झाडा, चुना लावा. पोट्ट्यायले कंटाळा आला की म्हणत, “भाऊ, पास्टरजी काढ ना.” मी पास्टरजी काढे. “कंडक्टर काढ.” कंडक्टर काढे. एक दिवस एक जण म्हणाला, “काकाजीचा आमेन काढ ना बे, तो मस्त काढत होता तू.”

माह्या हातातला चुन्याचा ब्रश तसाच राहिला. “येत नाही मले तो,” मी म्हणलो.

“असं कसं? मागं तं काढत होता.”

“विसरलो म्हणलं ना! काम कर.”

तवा कळलं, की आमच्या मंडळीत हा आवाज माह्याकडं आहे, हे दहा जणायले तरी माहीत आहे. त्यातला एक जण विचार करायले बसला की झालं. रस्त्यानं कोणी हाक मारली तरी मी ऐकलं न ऐकलं करून पुढं निघे.

मी सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. पास्टरजीच्या मोटरसायकलवर मागं बसून तुमसरले टाइल्स पाहायले चाललो होतो, तवा कानाजवळ जाऊन म्हणलो, “पास्टरजी, एखाद्यावेळी आमेन चुकून निघाला तर?”

“आमेन चुकून नाई निघत,” ते हवेत ओरडले. “नागपूरले फोन केला मी. ट्रेनिंगवाले म्हणले, ही साक्ष पुढच्या बॅचले सांगू.”

मी त्यायच्या पाठीवर डोकं टेकवलं. त्यायले वाटलं मले भरून आलं.

घरी मायले सांगावं म्हणलं, तर माय काकाजीसाठी डब्यात भाजी भरून राहिली होती. “चांगला मानूस. प्रभूनं त्यायलेच निवडलं,” म्हणाली. मी डबा नेऊन दिला. काकाजी छपरीत एकटेच बसले होते. त्यायनं मले बसवलं, पाणी दिलं, हॉलचं विचारलं. खिडकी किती, दार कुठल्या दिशेले. मी सांगत होतो आणि ते “बरं, बरं” करत होते. कोणाचं घर पाहायले आल्यासारखे.

हॉल तयार झाला. शनिवारी दुपारी दऱ्या, ढोलक, माइक आणि बायबल ठेवायचा लाकडी स्टँड घेऊन यायचं ठरलं. रविवारी पहिली उपासना तिथं. पोट्टे सामानासाठी बैलबंडी घेऊन मागून येणार होते, मी आधी गेलो.

अंगण सारवलेलं नव्हतं. काकाजीनं दऱ्या धुऊन, वाळवून, सुतळीनं बांधून ठेवल्या होत्या. कपबशा एका पोत्यात. ते स्वतः खाटेवर.

“ये. बस. तुले येक इचारतो,” ते म्हणाले. “तू पोट्टा मानूस, आवाजाचं तुले समजते. मी आता घरी बसून आमेन म्हनून पायतो. रोज म्हनतो. पन तसा निघत नाई. त्या दिवशी कसा निघाला होता! मले वाटते, प्रभू आला होता आन् निघून गेला. माह्याकडून काई चूक झाली का?”

आणि त्यायनं म्हणून दाखवला. खाकरले, “आऽऽमेन.” साधा, थकलेला. माह्या बाजूले पाहिलं, जसं मी रेडिओ दुरुस्त करणारा आहे.

मले तवा जे वाटलं, ते मी नीट सांगू शकत नाही. छपरी तर तिन्ही बाजूनं मोकळी होती, तरी कुठून निघावं ते दिसत नव्हतं.

“काकाजी, तो मी होतो.”

“कोन?”

“आमेन. मी काढला तुमच्या आवाजात. मले मॅचले जायचं होतं. मजाक केली. मले वाटलं तुम्ही हासता.”

काकाजीनं ऐकू येणारा कान माह्याकडं केला. “पुन्ना बोल.”

मी पुन्हा बोललो. दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा वाईट असते, हे त्या दिवशी समजलं.

“काढ,” ते म्हणाले.

“नाही जी, काकाजी…”

“काढ म्हनलं ना.”

मी काढला. दोनदा खाकरलो, आणि म्हणलो. तो साफ निघाला, तसाच.

काकाजीनं डोळे मिटून ऐकला. मग म्हणाले, “मले सगळ्या मंडळीसमोर उभं केलं तू. मी साक्ष देल्ली.” आणि मग, “निघ.”

पोट्टे बंडी घेऊन फाटकात पोचलेच होते. मी त्यायले रिकामी बंडी वापस न्यायले लावली आणि सरळ हॉलवर गेलो. पास्टरजी, बाई, सेंट्रिंगभाऊ तिथंच होते, पडदे लावून राहिले होते. मी उभ्या उभ्या सांगितलं. डोळे उघडे ठेवून.

पास्टरजी स्टुलावरून खाली उतरले. मी पाहिलं, त्यायले राग यायच्या आधी नागपूर आठवलं. “मी फोन केला रे,” ते म्हणाले. “मी त्यायले सगळं सांगितलं.”

भाऊचा राग सरळ होता. “माही टाइल लागली ना बे! आता ते उखडू का?”

“तुमच्या टाइलपायी काकाजीले उखडायचं का मग?” बाई म्हणाल्या.

“मी असं म्हणलो का?”

“सात शनिवार ते चूप बसले. आपल्याले सगळ्यायले माहीत होतं. याच्या तोंडातून निघाला म्हणून हा गुन्हेगार, पण खुश तं आपणच झालो. मीच लिवलं ना वहीत.”

“मले काढून टाका टीममधून,” मी म्हणलो.

“तू चूप बस,” पास्टरजी म्हणाले. “काढणं सोपं आहे. आधी चाल.”

आम्ही चौघं काकाजीकडं गेलो. त्यायनं कोणाले बसा म्हणलं नाही, म्हणून आम्ही उभेच. पास्टरजीनं सवयीनं डोळे मिटायले घेतले. बाई म्हणाल्या, “नाई जी. असंच विचारा.”

पास्टरजीले असं विचारता येत नव्हतं. चार्टवर ते नव्हतंच. दोनदा गळा साफ केला त्यायनं. “काकाजी, सरळ सांगा. उपासना हॉलमध्ये न्यायची का?”

काकाजी बांधलेल्या दऱ्यांकडं पाहत राहिले. मले वाटलं, आता बी म्हणतीन, पाहू जी, प्रभूची इच्छा.

“नाई,” ते म्हणाले.

इतका लहान शब्द, पण भाऊ एक पाऊल मागं सरकला. आमच्यापैकी कोणीच तो तोंडावर ऐकलेला नव्हता.

“काहून जी?” पास्टरजीनं विचारलं.

“काहून म्हंजे? सोमवारपासून शनिवारपर्यंत मी कोनासंगं बोलतो, सांगा बरं. दूधवाल्यासंगं. तो बी हॉर्न वाजवून चालला जाते.” मग भाऊकडं पाहून म्हणाले, “तुही जागा चांगली हाये बाबू. माहा राग नाई तिच्यावर. पन मले नाई पायजे.”

भाऊ पायानं माती उकरत होता. मग म्हणाला, “अंगणात टिन टाकून देऊ का मग? माह्याकडं आठ पत्रे उरले आहेत.”

“टाक,” काकाजी म्हणाले.

“आणि हॉलमध्ये लहान पोरायचा वर्ग घेऊ,” बाई म्हणाल्या. कोणी आमेन म्हणलं नाही. बाईनं वही आणलीच नव्हती.

“आन् हा?” काकाजीनं माह्याकडं न पाहता विचारलं.

“हा उद्या सगळ्यायसमोर सांगन,” पास्टरजी म्हणाले.

रविवारी अर्धे लोक हॉलवर गेले, तिथून त्यायले भाऊनं काकाजीकडं पाठवलं. सगळे येईपर्यंत अकरा वाजले. पास्टरजीनं माह्या हातात माइक दिला.

मी उभा राहिलो आणि लोकायचे चेहरे आधीच हसायले लागले. त्यायचा दोष नाही. मी माइक घेतला की ते हासतात, वर्षानुवर्षं मीच शिकवलं त्यायले. मी म्हणलो, “काकाजीचा तो आमेन काकाजीचा नव्हता. मी नक्कल केली होती.” पूर्ण अंगण हासलं. मागून कोणी ओरडलं, “काढून दाखव बे!” माह्या टीमचे चार पोट्टे टाळ्या वाजवून राहिले होते.

“मजाक नाही करून राहिलो. खरं सांगतो.” आणखी हासले. एक आजी म्हणे, “पास्टरजीचा आवाज हाय का हा?”

माह्याजवळ वीस आवाज होते. कोणत्या आवाजात बोललो असतो तर त्यायनं ऐकलं असतं, मले माहीत नव्हतं. माह्या स्वतःच्या आवाजात मी कधी काही सांगितलंच नव्हतं. बायांच्या बाजूले मायनं पदर तोंडावर ओढला होता. तिले समजलं होतं.

मग काकाजी उठले. छपरीच्या खांबाले धरून.

“हासू नका,” ते म्हणाले. “पोट्टा खरं बोलून रायला. मी साक्ष देल्ली, ते मले तसंच वाटलं म्हनून देल्ली. ते तसं नोतं.” मग मले म्हणाले, “आता बस खाली तू. गानं घ्या कोनी.”

कोणालेच गाणं सुचेना. शेवटी बाईनं सुरू केलं, चुकीच्या पट्टीत, आणि सगळे तिच्यामागं चढत गेले. माह्या हातात ढोलक होता. ताल दोनदा चुकला.

उपासना झाल्यावर काकाजी केटली घेऊन ओळीनं चहा देत आले. पास्टरजीले, भाऊले, पोट्ट्यायले. माह्यासमोर आले तवा मी कप पुढं केला. त्यायनं केटली न वाकवता पुढच्या माणसाले विचारलं, “अर्धा का पुरा?”

पुढच्यानं कप भरून घेतला. मी माहा रिकामा कप घेऊन तिथंच बसलो. माणसं उठून गेली, बैलबंडीनं आलेले गेले, माय फाटकात थांबून वाट पाहत होती. काकाजी दऱ्या झटकायले लागले. एक टोक त्यायच्या हातात होतं, दुसरं जमिनीवर लोळत होतं. मी जाऊन ते उचललं. त्यायनं नको म्हणलं नाही, ये बी म्हणलं नाही. आम्ही दरी झटकली, घडी घातली, दुसरी उचलली.